बंपरखालची फळी

सक्करदऱ्याच्या प्लायवूडच्या दुकानात माझ्यापुढे एक तरुण उभा होता. आपल्या गाडीच्या बंपरखाली, अगदी समोर, हवा कापणारा स्प्लिटर म्हणून लावायला त्याला रुंद फळी हवी होती. दुकानदार त्याच्या वडिलांच्या वयाचा.

“प्लाय नको घेऊ गा, पाण्यानं फुगते. ॲल्युमिनियमचा पत्रा घे.”

“पत्रा वाकते, काका. पहिले प्लायच लावला होता. मस्त बसला होता.”

“मंग काय झालं?”

“सावनेर रोडच्या स्पीडब्रेकरवर आदळला, जोडातून तुटला.”

“जोड काहून दिला? अख्खी फळी लावायची.”

“घरचा कॅरम बोर्ड होता, काका. मधातून कापला आन् दोन तुकडे लांबीत जोडले.”

“घरचा बोर्ड कापला?”

“आई गेल्यापासून भिंतीलेच टेकून होता. मले वाटलं, आता कोण खेळते.”

“बाबाले विचारलं नाही?”

“नाही. त्यायनं गाडीले लावलेलाच पाह्यला. खाली बसले, कोपऱ्यातल्या भोकावरून बोट फिरवलं. म्हणे, तुही आई राणी इथंच टाके.”

“लय रागावले असतीन.”

“रागावले असते तर बरं झालं असतं, काका.”

“मंग नवा आणून दे ना.”

“आणला. अजून खोक्यातच हाय.”

“आन् ते तुटके तुकडे?”

“मी फेकून राहिलो होतो. त्यायनं घेतले, धुतले. आज सकाळी पाह्यलं, तर एका तुकड्यावर पावडर टाकून बसले होते.”