लोटू ऐकत नाही

आधी एक तक्रार, नमस्कार मग. पत्रिकेवर तुम्ही ‘सेवानिवृत्ती’ छापलंय. माझा लोटू त्रेपन्न वर्षांचा आहे. तो निवृत्त झालेला नाही, त्याला कामावरून काढलंय. वर शाल घातली म्हणून त्यात काही फरक पडत नाही.

हं, आता नमस्कार. आपल्या सुरतेतल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष श्रीरंगभाऊ, ज्यांच्या कारखान्यात लोटू छत्तीस वर्षं राबला ते शेठ, व्यासपीठावरची सगळी मोठी माणसं आणि गोडादऱ्याहून, बमरोलीहून आलेल्या माझ्या बायाबापड्यांनो, तुम्हाला या कलाबाईचा रामराम. मी लोटूची आई. आपले सेक्रेटरी भिकन यांनी मला चिठ्ठी लिहून दिलीय. ‘आजचा दिवस आनंदाचा आहे’ अशी ती सुरू होते. मी दुसरीतून शाळा सोडलेली, पुढचं मला लागलं नाही. घडी करून ठेवलीय.

शेठ आत्ता गुजरातीत छान बोलले. लोटू प्रामाणिक, लोटू कामसू. लोटूनं त्यातलं काही ऐकलं नाही. टाळ्या वाजताना दिसल्या तेव्हा त्यानं हात जोडले. मग त्याला काढलं का, ते सांगायचं शेठ विसरले. कापड विणायच्या एका लूमची मोटर घरघरत घरघरत जळाली आणि हा शेजारी उभा. मुकादम म्हणाला, “लोटू अब सुनता नहीं.” खरंच आहे. पण सतरा वर्षांचा आणला तेव्हा ऐकत होता ना? दाराबाहेरून पुटपुटलं तरी ओ देत होता.

आणला मीच. गावात आमच्या वाट्याला ना शेत, ना शाळा. ज्याला वाचता येत नाही त्याला सुरतेत कोण काय देणार? लूम देतात. एका छताखाली साठ लूम, बारा तास. तिथं माणसं ओठ बघून बोलतात. बाहेर आली की ओरडून बोलतात. मग बँकेतला शिपाई म्हणतो, दारू पिऊन आलाय, आणि हाताला धरून बाहेर काढतो. लोटूनं दारूला हात लावलेला नाही.

आता माझी चूक सांगते. लग्नानंतर काही वर्षांनी लोटू माझ्या हाकेला ओ देईना. मी गल्लीभर सांगत फिरले, पोरगं आता माझं ऐकत नाही. आणि धरलं कुणाला? सुनेला. अनुसयेनं माझा मुलगा फितवला म्हणून. चौदा वर्षं तिला बोल लावले.

चार वर्षांपूर्वी ती आजारी पडली. लोटू तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. ती बाकावर ग्लानीत, हा खिडकीसमोर बसलेला. खिडकीतल्या माणसानं तिचं नाव तीनदा पुकारलं, म्हणे. कोणी उठलं नाही, कागद बाजूला पडला. दुपारी मी डबा घेऊन गेले तर खिडकी बंद आणि दोघं तिथंच. मी सगळ्यांदेखत ओरडले, “ऐकत का नाहीस रे मेल्या?” तेव्हा अनुसया डोळे न उघडता म्हणाली, “आई, त्यांना ऐकू येत नाही.”

मी म्हटलं, इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?

“तुम्ही चार जणींत बोलला असता. काम गेलं असतं.”

बरोबर बोलली. मी बोललेच असते. आठ दिवसांनी ती गेली. नाव ऐकू आलं असतं तर वाचली असती, असं मी म्हणणार नाही. रोग मोठा होता. पण त्या दिवशी तिला डॉक्टर दिसला असता.

आता डॉक्टर म्हणतात, कान लूमच्या आवाजानं गेले. सरकारी मदतीचा अर्ज करा, तिथं कामाला होता असा कागद जोडा. कागद कुठला? छत्तीस वर्षांत कुठल्याच रजिस्टरात लोटू नाही. लोटूचं आणि कारखान्याचं नाव एका कागदावर आलं ते तुमच्या या पत्रिकेत, पहिल्यांदा.

आणि मघाशी शेठनी जाहीर केलं, लोटूची जागा त्याच्या मुलाला, गोपालला देतो, सोमवारपासून ये. तुम्ही टाळ्या वाजवल्या. माझा हा नातू तीन वर्षं दुसरीकडे लूमवरच आहे. परवा त्याला विचारलं, “भात वाढू का?” म्हणाला, “आठ वाजता.” घरातले सगळे हसले. मी ताट बाजूला सारलं.

असो. शाल दिलीत, नारळ दिलात, घरचं काम टाकून आलात, तुमचे उपकार आहेत. म्हातारीची जीभ जरा जास्त चालली असेल तर पोटात घाला. आता एवढंच विचारते. सोमवारच्या आधी गोपालचं नाव रजिस्टरात लिहिणार का? त्याचे कान तपासून, कानात घालायला काही देणार का?

भिकन, तू माईककडे येऊ नकोस. श्रीरंगभाऊ, तुम्हीही मंडळातर्फे काही बोलू नका. गोपाल, तू तर मुळीच नाही, तू ‘चालेल’ म्हणशील. शेठ, तुम्ही उठा. उत्तर तुम्ही द्यायचं.