कुठं निघालीस?

(कोपरखैरणे. सकाळचे सहा. बोनकोड्यावरून खाडीकडे जाणारा रस्ता. ज्योतिबा पुढे, बाळाबाई चार पावलं मागे.)

बाळाबाई : तुमचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली हाय.

ज्योतिबा : काय?

बाळाबाई : खांदा. त्या सोसायटीच्या भिंतीवर निळा पट्टा हाय ना, त्याला धरून बघितलं. डावा पट्ट्याच्या वर येतो, उजवा खाली ऱ्हातो. रिटायर झालात तवा तीन बोटं होता.

ज्योतिबा : म्हणजे चार वर्षांत एक बोट वर आला?

बाळाबाई : बोटाला थोडं कमीच असंल. पर आलाय.

ज्योतिबा : डॉक्टरला पण एवढं दिसलं नाही. माझ्या पाठीवर नजर ठेवून चालतीस काय?

बाळाबाई : दुसरं काय दिसतंय मला? बेचाळीस वर्षं तुमची पाठ बघत चाललीय. जरा हळू घ्या. पोतं न्हाई आता पाठीवर.

ज्योतिबा : पाय ऐकत नाहीत. आमच्या टोळीचा मुकादम नव्या हमालाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचा. थांबू नको, थांबलास की पोतं दुप्पट होतं. बत्तीस वर्षं मार्केटात तसाच चाललो. मान खाली, गुडघे जरा वाकवून, पुढच्याच्या टाचा बघत. मी माणसं तोंडावरून कमी, टाचांवरून जास्त ओळखतो. आता मान वर करून चालतो तर ठेचा लागतात.

बाळाबाई : कालची कशानं लागली?

ज्योतिबा : त्या गुलमोहराच्या बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर पोपट येतो. पाळलेला नाही, रानातला. सहा वीसला कठड्यावर बसतो, आतली बाई मिरची आणून देते. काल ती उशिरा उठली. पोपट काचेवर चोच मारत होता. मी बघत राहिलो आणि फरशी आली मधे.

बाळाबाई : मला दावला न्हाई.

ज्योतिबा : तू मागं होतीस.

बाळाबाई : मागं हुते म्हणून न्हाई दावला. बरं. वाजले किती?

ज्योतिबा : सव्वासहा. टेन्शन घेऊ नको. गावाकडं बापू डेरीला दूध घालून आला की फोन करणार. सात तरी वाजतील.

बाळाबाई : काय सांगणार त्यांला?

ज्योतिबा : बघू.

बाळाबाई : चार वर्षं तेच चाललंय. पुढच्या दिवाळीला येतो म्हणून चार दिवाळ्या झाल्या. आता त्यांच्या यशराजचं लग्न ठरलंय. भावजींकडं दोन खोल्या आन् माणसं सात, आन् शेजारी आपलं घर कुलपात. त्यांनी काल सरळ विचारलं. ऱ्हायला येणार असला तर या, न्हाईतर पोराला त्यात संसार मांडू दे. आज ‘बघू’नं भागायचं न्हाई.

ज्योतिबा : ते घर मी पाठीवरून आणलंय बाळे. पाया कांद्यानं भरला, भिंती बटाट्यानं उभ्या केल्या. स्लॅब पडला तेव्हा मी मिरचीच्या गाळ्यावर होतो. इकडं शिंकत होतो आणि तिकडं बापू फोनवर सांगत होता, दादा, काँक्रीट बसलं.

बाळाबाई : म्हाईत हाय. तवा तुमचा रुमाल मीच धूत हुते.

ज्योतिबा : मग तू काहीतरी बोल की. जायचं का नाही?

बाळाबाई : मी काय बोलू? घर तुमचं.

ज्योतिबा : हे बघ, हेच. तिकडं हवा चांगली. रस्ता मोकळा, गाडी नाही, घोडं नाही. सकाळी दोघं ओढ्यापर्यंत जात जाऊ. इकडच्यापेक्षा बरं चालणं होईल.

बाळाबाई : चालले की मी मागच्या वैशाखात.

ज्योतिबा : ते नको आठवू.

बाळाबाई : का? मला रोज आठवतं. साडेपाचला उठले. आपल्या सुनंनं, उत्कर्षानं आणून दिलेले बूट घातले, पदर खोचला, निघाले. वडापाशी शेजारच्या भिमाबाई भेटल्या. कुठं निघालीस? म्हटलं, कुठं न्हाई, अशीच. त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं. हातात ना खुरपं, ना घागर, ना पिशवी. मग पायाकडं बघितलं. बूट. बूट घालून रानात कोण जातं? मी पुढं गेले आन् त्या मागच्या मागं आपल्या घराकडं पळाल्या.

ज्योतिबा : आणि मला झोपेतून उठवलं. म्हणे तुझी बायको रुसून माहेरी चालली, पायात बूट घालून चालली, म्हणजे परत यायचा इरादा दिसत नाही.

बाळाबाई : माझं माहेर त्याच रस्त्याला, त्याला मी काय करू? ओढ्यावर बसले घटकाभर. खंड्या पक्षी बघितला. परत फिरले तर मागनं पिकअप, माहेरी फोन गेलेला. माझा भाऊ, दोन चुलते, आन् गावचे एक म्हातारे, बोलाचालीला. भाऊ रडत उतरला. ताई, कोण काय बोललं तुला?

ज्योतिबा : मग आपल्या ओसरीवर बैठक. तीन वेळा चहा. बापूची बायको फुगली, कारण सगळ्यांना वाटलं तीच काहीतरी बोलली. शेवटी ते म्हातारे मला म्हणाले, जावईबापू, दोन शब्द बोला आणि मिटवा. न केलेल्या भांडणाची माफी मागितली मी, चौदा माणसांसमोर.

बाळाबाई : चांगली मागितली. मलाच वाईट वाटलं.

ज्योतिबा : हसतीस काय. एकदा झालं तसं. सवय होईल लोकांना.

बाळाबाई : लोकांला हुईल. बरं, तुमी सांगा, तुमी का न्हाई चाललात तिथं?

ज्योतिबा : चाललो की. चावडीपर्यंत. पहिली मोटारसायकल थांबली, बसा काका. म्हटलं चालतोय. दुसरी थांबली. तिसरा पोरगा ऐकेना, म्हणाला तुमी चालत गेलात तर बाबा मला बोलतील. बसलो. त्यानं नेऊन सोडलं तालुक्याला. मला तिथं कामच नव्हतं. केस कापून घेतले आणि एसटीनं परत आलो.

बाळाबाई : मला सांगितलं, केस वाढले हुते म्हणून गेलो.

ज्योतिबा : मग काय सांगणार?

बाळाबाई : आपल्या पोरानं, मिथुननं आपल्याला मैसूरला न्हेलं हुतं ना. दुसऱ्या दिवशी तुमी सगळे झोपला हुता.

ज्योतिबा : तेव्हा तू दारात सापडलीस, हॉटेलच्या.

बाळाबाई : दारात न्हाई. परत येताना दारात. त्याआधी अर्धा तास मी फिरत हुते. एकटी. पाट्या वाचता येईनात. कॉफी उकळल्याचा वास येत हुता. प्रत्येक दारात रांगोळी, ओली, नुकतीच घातलेली. मी त्या मोजत गेले. एकोणीस झाल्या तवा वळले, वळताना त्याच मोजत आले, म्हणजे चुकायला नको. एक म्हातारी रांगोळी घालत हुती. तिनं माझ्याकडं बघितलं, हसली आन् परत खाली बघून ठिपके घालायला लागली. कुठं चाललीस म्हणून विचारलं न्हाई तिनं. मी एवढी हलकी कधी चालले नव्हते.

ज्योतिबा : मला वाटलं, तू हवा खायला दारात उभी आहेस. मी तर ओरडलो तुला.

बाळाबाई : वरडलात. पर तवर माझं चालून झालं हुतं.

चंदा : (रस्त्याकडेला भाजीच्या जुड्या बांधत) काय गो बालाबाय, आज दोगं हलू हलू? नाय तं तुजा मालक म्होरं, तू मागं, जसा मासलीच्या मागं मांजर.

ज्योतिबा : चंदाताई, कोथिंबीर आली का आज ताजी?

चंदा : ताजी हाय. पन द्याची नाय तुमाला. मी रागान हाय. गावाला चालल्यान म्हनं तुमी.

ज्योतिबा : कोण म्हणालं?

चंदा : आख्खी लाईन बोलते. मना एक सांगा, तुमी गेल्याव ही बाय सकालची कोनाकरं बसंल? रोज ह्या दगरावर दोन मिन्टां बसते, मी जुडी बांधते, ही मना सांगते आज काय काय बगितलान. कोनाच्या गॅलरीन नवीन तुलस, कोनाचा कुत्रा लंगरते. मी आख्खं आविक्ष बोनकोड्यान काढलंय, मना नाय दिसला ता हिला दिसतंय.

बाळाबाई : चंदाताई, राहू दे.

चंदा : का राहू दे? दादा, माजी आय डोक्याव मासलीची पाटी घेवन पार ठान्यापरत चालाची. आमच्या घरान चालना म्हंजे धंदा. आता डाक्टर मना बोलते, चाल. मी बोलली, पाटी दे डोक्याव, मंग चालतंय. रिकामा मना चालताच येत नाय. ही येते का रिकामी हसत, तवा मना हिचा हेवा वाटतंय. आनि हिना मना साफ सांगतलान हाय, मी नाय जायाची.

ज्योतिबा : कधी सांगितलं?

चंदा : गनपतीच्या आगोदर. तुमाला म्हाईत नाय? आता मी काय बोलून बसली गो बाय.

बाळाबाई : काही न्हाई. बांधा तुमी जुड्या. आमी येतो खाडीपर्यंत जाऊन.

ज्योतिबा : गणपतीच्या आधी.

बाळाबाई : चला म्होरं. लोकं बघत्यात.

ज्योतिबा : गणपतीच्या आधी चंदाला सांगितलंस. मला नाही.

बाळाबाई : तिनं विचारलं.

ज्योतिबा : मी आत्ताच विचारलं की, जायचं का नाही.

बाळाबाई : आत्ता विचारलं, कारण भावजींचा फोन यायचाय. चार वर्षांत कधी विचारलं? तुमी सगळ्यांला सांगत आलात, हिला गावाची लई ओढ हाय. मी डबे घासून ठेवते ते गावाकडं न्यायलाच, म्हणून?

ज्योतिबा : मला खरंच तसं वाटलं.

बाळाबाई : डबे रिकामे हुते, म्हणून घासले.

ज्योतिबा : पण हे मला सांगायचं होतंस बाळे.

बाळाबाई : तुमी चार पावलं म्होरं. ही काय वरडून सांगायची गोष्ट हुती?

ज्योतिबा : बरं. हा थांबलो. आता सांग.

बाळाबाई : थांबू नका, पाय आखडतील. चालता चालता सांगते. असे इकडनं, माझ्या अंगानं चाला. अवं, मी लहानपणापासनं चालतेय. पाण्याला चालले, सरपणाला चालले, दोन पोरं कडेवर घिऊन रानात चालले. हिकडं आले तवा राशनच्या रांगेला चालले. कुठंतरी पोचायचं म्हणून चालले, आन् पोचले की काम. तुमी रिटायर झालात, डॉक्टरनं तुमाला चालायला सांगितलं, तुमच्यासंगं मी निघाले. पहिल्या दिवशी आपण इथवर आलो. पाणी उतरलेलं, चिखलात ते गुलाबी पक्षी. तुमी म्हटलात, चल, झालं, फिरू माघारी. आन् मला उमगलं, आपण कशालाच आलो नव्हतो. नुसतं आलो हुतो. त्या दिवशी मी घरी जाऊन भाकऱ्या केल्या तर चार जास्तीच झाल्या.

ज्योतिबा : आठवतंय. मिथुन म्हणाला, कोण येणार आहे का जेवायला.

बाळाबाई : गावात मला हे मिळायचं न्हाई. कोणाचा दोष न्हाई त्यात. तिथं मी कोणाची तरी सून हाय, कोणाची वहिनी हाय. वाटेनं जाणाऱ्या सुनेला काम असलंच पायजे. भिमाबाई चांगल्या हायत, काळजीनंच पळाल्या. पर माझी आता तीस वर्षं उरली न्हाईत. असतील नसतील तेवढ्या सकाळी मला हितं पायजेत.

ज्योतिबा : आणि मिथुनच्या घरात आपण अडचण होत असू तर?

बाळाबाई : उत्कर्षानं कधी विचारलं का, कधी जाता म्हणून? बूट आणून दिले तिनं. माप घ्यायला माझा पाय कागदावर ठिवून पेन्सिलीनं रेघ मारली. घालवायची असती तर एवढं केलं नसतं.

ज्योतिबा : एक विचारू? मी तिथं गेलोच नाही, तर मग वाहिलं कशासाठी एवढं?

बाळाबाई : कुलपासाठी वाहिलं हुतं का? घरात नवी नवरी येईल. रात्रीचा दिवा दिसंल. कांद्याचा पाया हाय म्हणता, मग त्यावर कोणीतरी ऱ्हाऊ दे की.

ज्योतिबा : हं.

बाळाबाई : रागावलात?

ज्योतिबा : नाही. विचार करतोय की मला पण तिथं करमत नाही, हे मी कुणाला सांगितलं होतं. कुणालाच नाही. चंदाला पण नाही.

बाळाबाई : वाजतोय तुमचा फोन.

ज्योतिबा : अजून सात वाजले नाहीत.

बाळाबाई : वाजतोय म्हणून उचलायचा असतो.

ज्योतिबा : हां, बापू... घातलं का दूध? ...फॅट किती लागली? ...हां... आणि ती काळी म्हैस? ...बरं, बरं... पेंड बदलून बघ...

बाळाबाई : अवं, म्हशीचं झालं असंल तर माणसांचं बोला.

ज्योतिबा : हां, घराचं ना... ऐकतोय मी... बापू, थांब. तुझ्या वहिनीला देतो.

बाळाबाई : मी? मी कधी बोलले त्यांच्याशी फोनवर?

ज्योतिबा : आज बोल. माझ्या तोंडातून परत ‘बघू’ निघेल.

बाळाबाई : पदर तरी घिऊ दे डोक्यावर.

ज्योतिबा : त्याला दिसत नाही.

बाळाबाई : मला दिसतंय ना. द्या हिकडं... भावजी, मी बोलतेय... व्हय, बरी हाय... न्हाई, हे बी बरे हायत, संगंच हायत... न्हाई न्हाई, भांडण न्हाई झालं काही. तुमी आधी ऐकून घ्या. घराची किल्ली तुमच्याकडंच हाय. आज उघडा. दोन दिवस खिडक्या मोकळ्या ठिवा, मग रंगाचं बघा. यशराजला म्हणावं, चूल कुठं मांडायची ते तुझ्या बायकोला इचारून मांड. आमी ऱ्हायला यायचं न्हाई, भावजी. लग्नाला येऊ, चार दिवस ऱ्हाऊ, आन् आमच्या घरी परत येऊ.