गोजरबाईचा डावा अंगठा

बसा ना साहेब, ती खुर्ची पडत न्हाई, नुसता आवाज करती. आता तुम्ही वकिलांच्या कौन्सिलकडून चौकशीला आले, तर मी खोटं कशाला बोलू? काकासाहेब वकिलांचा मुन्शी हाय मी, संपत, बावीस वर्षं झाली. माणूस सोनं हाय. शिक्षा झाली—झाली ना, सहा महिन्यांची, पेपरात फोटोसकट. म्हणून काय वकिलीची सनद काढून घेता? ती पाहा भिंतीवर, रोज सकाळी मी पुसतो. ती गेली तर आमचे साहेब काय मस्तगडाच्या बाजारात बांगड्या विकतील? अन् मी कुठं जाऊ? तुम्ही लिहा, वर्तणूक उत्तम. साक्षीदार पढवायचे, पण चहा पाजून पढवायचे. तारखेला आजारी पडायचे, पण डॉक्टरचं सर्टिफिकेट लावून. बिगर कागदाचं कायबी न्हाई—हे नका लिहू.

भानगड काय, तर हसनाबादची गोजरबाई. विधवा. दिरावर शेताच्या वाटणीचा दावा लावला, अन् दीर आमचा पक्षकार. कोर्टात अर्ज गेला—बाईनं राजीखुशीनं हिस्सा सोडला, खाली तिचा अंगठा. अन् बाई तर त्या दिवशी जालन्याला आल्तीच न्हाई, त्याच शेतात निंदत होती. पुढं कोर्टानं कागद पाह्यला—डावा अंगठा. पुरुषाचा डावा, बाईचा उजवा, हे कोर्टापुढच्या चहावाल्याला बी माहिती. पण घाई होती, उजव्या हातात पेन होतं, मंग जो हात मोकळा—म्हणजे, असंच झालं असंल. कोणी केलं, मला काय माहीत? तज्ज्ञ म्हणला, अंगठा बाईचा न्हाई. कोणाचा, ते साहेबांनी शेवटपर्यंत सांगितलं न्हाई. म्हणून तर म्हणलो—सोनं.

पुरावा पाह्यजे? आमचे साहेब त्या दिवशी हापिसात नव्हतेच. माझी डायरी हाय, एक दिवस खाडा न्हाई. थांबा, चष्मा—हां. '१४ जुलै १९८९, शुक्रवार. साहेब घरच्यांसंगं जांब समर्थला दर्शनाला.' झालं का बराबर? वाचतो, तुम्ही लिहा. 'नऊ वाजता तिकडून फोन—हसनाबादचा अर्ज आजच गेला पाह्यजे, कसं ते तू पाह्य. बारा वाजता दाखल केला. नव्या सदऱ्याला पॅडची शाई लागली. लिंबू चोळलं, डाग गेला न्हाई. नंदाबाई लई बोल—'

ते—ते घरचं हाय, बायकोचं. ते सोडा.

असं काय पाहून राह्यले? शाई काय, कोणाला बी लागती. अन् तुम्ही पॅड कशाला काढला? सही येते की मला. मराठीत येते, इंग्रजीत येते, साहेबांची बी येते—अंगठा कशाला? न्हाई, हात खिशात हाय, खिशातच राह्यील. डायरी ठिवा. ठिवा म्हणलो ना खाली.

सनद पाह्यजे ना तुम्हाला? ती काय भिंतीवर. न्या. खिळ्यासकट न्या, अन् निघा जल्दी. हापिस बंद झालं.