पहिला घोट

मालू : तांब्याचे हंड्यामंदी चांद उतरला पान्याला,
पयला घोट माझे लेकी, तुझे पोटीच्या तान्ह्याला...

मिताली : मालूमावशी, गाणं राहू दे. हंड्याला हात लावू नका.

(गव्हाण गाव. दारात हळदीचा मांडव. मधोमध आंब्याची पानं बांधलेला तांब्याचा हंडा. शेजारी मालूचा नवरा शिवा बसलेला.)

मालू : आली का माझे लेकीची, भाविकाची मैत्रीण! माझे हृतिकची हळद सांजेला हाय, बाय. तुमचे नवीन पनवेलचे लोक जेवाचे टायमाला येतंत, तू लवकर आलीस.

मिताली : मी हळदीला नाही आले. तुमच्या विहिरीचं पाणी आमच्या प्रयोगशाळेत तपासायला नेलं होतं ना, त्याचा निकाल सांगायला आले. यात तेच पाणी आहे?

मालू : मंग? काल वाजतगाजत आनला. रातभर मांडवात ठेवला, आता देवाचा झाला. सांजेला सगल्यांना चूळभर देनार.

मिताली : उकळून तरी घ्या.

शिवा : देवाला उकळतंस? आनि तांब्याचे पान्यात जंतू मरतंत, तुमचेच लोक टीव्हीवं सांगतंत.

मिताली : मरतात, शिवाकाका. शेजारच्या गावांचं पाणीही मी तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलं. सकाळी जंतू मेलेले. तुमचं ठेवलं, त्यातले मजेत होते.

मालू : आमचे विहिरीचे जंतू काय पयलवान हाय?

मिताली : हसू नका, मावशी. त्या जंतूंनाही तांबं लागतं. कणभर. त्याच्याशिवाय धड श्वास घेता येत नाही त्यांना. पण कण जास्त झाला, की तेच तांबं त्यांचं विष.

मालू : मिठासारखा. चिमूट टाकली तर कालवनाला चव, मूठ टाकली तर कुत्रा पन तोंड लावनार नाय.

मिताली : अगदी तसंच. म्हणून त्यांच्या अंगात एक राखणदार असतो. तांबं वाढतंय असं दिसलं, की तो हाक देतो आणि जास्तीचं तांबं बाहेर फेकलं जातं.

मालू : म्हंजे आमची उघाडी! मिठागराचे बांधाला दार होता तसा. भरतीचा पानी पायजे तवढा आत घ्याचा, बाकीचा खाडीत सोडाचा. मामंजी बांधावं बसून राखाचे. डोला लागला तर सगला मीठ वाहून जाचा.

मिताली : या जंतूंच्या राखणदाराचा डोळा लागतच नाही. विहिरीत थोडं थोडं तांबं झिरपत राहिलं, दुबळे जंतू मेले आणि हे उरले. वरच्या नव्या इमारतींची घाण तर विहिरीत उतरतेच आहे.

मालू : पन आमचे विहिरीत तांबा कोन टाकील?

शिवा : माझेकडं कशाला बघतंस?

मालू : मिठागर भंगारवाल्याला कोनी दिला? वायरी जालतो, तांबा काढतो, राख तिथंच धुतो. वल्हनीवरचे कपडे काले झाले तवा मी बोलले नव्हते?

शिवा : अख्खा गाव जमीन देतंय! मी एकलाच दिसलो तुला? हळदीचे दिवशी भांडन नको, मालू. पोराचा लगीन हाय. देवाचा पानी वाटला नाय तर भावकी तोंडात शेन घालील.

मिताली : काका, तुमच्या थोरल्या देवेशच्या लग्नात हेच पाणी होतं?

शिवा : विहीर तीच. हंडा पन हाच. का?

मिताली : त्यानंतर आळीभर हगवण लागली होती.

शिवा : ती मटनानी. सगल्यांना ठावं हाय.

मालू : कमलाकर भावजी कुठं मटन खात होते? माळकरी मानूस. फकस्त पानी प्याले होते. सलायनीवं सलायनी लावली, तरी गेले. डाक्टर बोलला, औशदच लागू पडत नाय.

मिताली : तेच सांगतेय, मावशी. नेहमीची औषधं मी या जंतूंवर लावून बघितली. तीही त्यांना मारत नाहीत.

मालू : अवो, उठा. हंडा धरा.

शिवा : येडी झालीस? देवाचा पानी ओततंत कधी?

मालू : या मांडवात लग्नाचे धवले गानारी धवलारीन मी हाय. माझे गान्याने पानी देवाचा झाला, माझे हातानीच मातीत जाईल. भावकीला माझा नाव सांगा. धरा बोलते ना!

शिवा : धरतो, धरतो. केवला जड हाय... घे. संपला. झाला तुझे मनासारखा?

मिताली : बरं झालं, काका. अजून कुणाला दिलं नव्हतं, ते एक बरं.

(मालू घराच्या दाराकडे वळते.)

मिताली : मावशी? मी आले तेव्हा तुम्ही नुसतं गात होतात ना?

मालू : तो धवला नुसता गात नाय, बाय. पयला घोट घरातले पोटुशीचा. तिला पाजला, की मंग गातंत.

शिवा : मालू, भाविका कुठं हाय?

मालू : आत निजलीय. मघाशी बोलली, आई, पोटात कायतरी हालतंय. मना वाटला, पोर गाना ऐकून नाचतंय.