साबेलच्या गळ्यातला ठिपका

(फिलिपिन्समधल्या समर बेटावरचं किनाऱ्याचं गाव, सकाळचे दहा. वादळी लाटेचा वार्षिक सराव. डोलोर नगरपालिकेत नकाशासमोर बसली आहे; टिबो, ज्याला ती ‘मानो’ म्हणजे दादा म्हणते, सासू साबेलला घेऊन शाळेच्या वाटेवर. दोघांच्या हातात हॅम रेडिओ.)

डोलोर : मानो टिबो, तुमचा ठिपका अकरा मिनिटं खोबऱ्याच्या गोदामापाशीच आहे. ट्रॅकरची बॅटरी गेली का? ओव्हर.

टिबो : बॅटरी ठणठणीत आहे. सासूबाई बसल्यात. ओव्हर.

डोलोर : सासूबाई? ट्रॅकर तर तुमच्या मोटरसायकलला असतो.

टिबो : दर वर्षी असतो. आज यांच्या गळ्यात अडकवलाय. गाडी घरी ठेवून चालत निघालोय.

डोलोर : अहो, इथे प्रांताहून पाहुणे आलेत. मोठ्या पडद्यावर बाकी पाच वस्त्यांचे ठिपके शाळेत पोचले, तुमचाच तेवढा अडकलाय. मेयर विचारतायत, हा माणूस झोपला का.

टिबो : सांग त्यांना, झोप येतेय खरी.

साबेल : काय म्हणते ती?

टिबो : लवकर चला म्हणते, आई.

साबेल : तिला म्हणावं, तू ये, माझे गुडघे घे नि पळ.

डोलोर : मानो, परवाना नसलेल्यांनी रेडिओवर बोलायचं नसतं.

साबेल : मी जावयाशी बोलतेय. त्याला कसला परवाना?

डोलोर : बरं. पण आजी, अकरा मिनिटं?

टिबो : चौदा पोरं रांगेत उभी होती. एकेकानं यांचा हात कपाळाला लावून घेतला. मग या बसल्याच.

डोलोर : खऱ्या वादळात कोण थांबतं आशीर्वादाला?

साबेल : वादळात तर आधी लागतो.

डोलोर : मानो, फळ्यावर एकोणीस मिनिटं लिहिलंय. दर वर्षी तेवढीच लागतात. आज अर्ध्या वाटेत एकतीस झाली.

टिबो : ती एकोणीस माझ्या मोटरसायकलची. त्यावरून गाव सोडायचा भोंगा कधी वाजवायचा ते तुम्ही ठरवता.

डोलोर : ते सगळ्यांना माहीत आहे.

टिबो : सगळ्यांना माहीत आहे, आणि फळ्यावर एकोणीसच आहे.

डोलोर : पाहुणे गेल्यावर बोलू या ना.

टिबो : तीन वर्षांपूर्वी, खऱ्या वादळात, त्या खुर्चीत मी बसलो होतो. बायको कुठवर आली ते दिसावं म्हणून लोरेंगच्या पिशवीत ट्रॅकर ठेवला होता. भोंगा वाजला, ती लगेच निघाली. पस्तिसाव्या मिनिटाला पुलापाशी ठिपका थांबला. मी शेजारच्याला म्हणालो, बॅटरी गेली वाटतं.

डोलोर : मानो...

टिबो : तूही मघाशी तेच म्हणालीस. तुझी चूक नाही, कुणीही तेच म्हणेल. पण मी दमलोय, पोरी. दर वर्षी गाडीवरून जायचं, टाळ्या घ्यायच्या, पानसितच्या शेवया खायच्या, घरी येऊन पडायचं. त्या आकड्यानं लोरेंगला मारलं, आणि तो आकडा मी आणलेला.

साबेल : उठव मला. ऐकतेय मी सगळं.

टिबो : बसा आणखी थोडं.

साबेल : त्या दिवशी मी डोंगरात थोरलीकडे होते. माझी लोरेंग एकटी चालली. पूल यायच्या आत माझा हात धर, आणि आता बोलू नकोस, तुला धाप लागते.

डोलोर : मानो, ऐकताय? पाहुणे उठले. मेयर म्हणाले, पाच ठिपक्यांची सरासरी लिही, सहावा सोडून दे.

टिबो : लिहिलीस?

डोलोर : म्हटलं, किनाऱ्याची माणसं अजून वाटेत आहेत, सराव संपलेला नाही. रागारागानं गेले जेवायला.

टिबो : नोकरी जाईल तुझी.

डोलोर : कंत्राटी आहे. डिसेंबरात जायचीच होती. तुम्ही सावकाश या, मी इथेच आहे.

टिबो : पूल ओलांडला. ओव्हर.

डोलोर : दिसतंय. आता वाण्याचं दुकान... आता चर्च... शाळेचं फाटक. आला ठिपका, मानो. त्रेसष्ट मिनिटं. फळ्यावरचा एकोणीस मी पुसलाय. त्रेसष्ट लिहू?

टिबो : थांब जरा. फाटक नकाशाला पुरतं. वर्ग वर आहेत, बेचाळीस पायऱ्या, आणि आई पहिलीवर बसल्यात.