मागं कुणी घ्यायचं?

...ते सगळं खरं, पण मागं कुणी घ्यायचं ते सांगा की! कवठ्यातून मळ्यात जाणारी वाट बघितलीय का तुम्ही? एका अंगाला कॅनॉल, दुसऱ्या अंगाला ओढा, आन् मधी एकाच ट्रॅक्टरपुरती जागा. भिमाजी ऊस भरून बाहेर निघाला, की त्याचा साडू मच्छिंद्र शेणखत भरून नेमका आत येणार! भरली ट्रॉली उलटी रेटायची म्हंजी काय गंमत हाय? गेल्या खेपेला भिमाजीनं रेटली, तर निम्मा ऊस ओढ्यात. वर मच्छिंद्र म्हणतो, "साडू, म्हशी पाण्यात घालत्यात, ऊस न्हाई!" गाव हसलं... बायकोसुद्धा हसली!

तुम्हाला सांगतो, ते हसू भिमाजीच्या जिव्हारी लागलं. आता परत मागं घेणं न्हाई! बायकोची भाची सायली दौंडवरनं सुट्टीला आलेली, पुण्यात इकॉनॉमिक्स शिकणारी. तिलाच विचारलं, मागं कुणी घ्यायचं? चहात खारी बुडवत ती म्हणाली, "मामा, ही गेम थिअरी. तुम्हाला मागं घेताच येणार नाही, हे समोरच्याला दिसू द्या. मग तोच घेतो. एडके टक्कर घेतात, पण मरेपर्यंत कुठं? दुसरा हटत नाही कळलं, की एक बाजूला होतो."

"म्हंजी स्टिअरिंगच काढून फेकलं तर?"

"थिअरीत बसतं."

बसतं म्हणल्यावर काय! सकाळी नट ढिला करूनच गडी निघाला. वाटेवर समोर मच्छिंद्र. भिमाजीनं स्टिअरिंग उपसलं, उंच धरून दाखवलं आन् दिलं भिरकावून कॅनॉलात! त्याच दमात समोरूनही एक स्टिअरिंग उडालं... ते ओढ्यात. ब्रेक तेवढे दोघांचेही लागले.

"आरं, तुला कुणी सांगितलं?"

"सायलीनं! भाची काय तुझ्या एकट्याचीच हाय व्हय?"

आता बोला, मागं कुणी घ्यायचं? ऊन चढलं, ऊस वाळाया लागला, शेणखताचा वास सुटला. दोघं साडू एकमेकांकडं पाठ करून बसले. तेवढ्यात साळूबाई धनगरणीची मेंढरं आली आन् उसाला लागली. हाकलायचं सुचंना, कारण दोन ट्रॅक्टरांच्या फटीत दोन एडके समोरासमोर आलेले. शिंगाला शिंग. एक टक्कर... दुसरी... आन् काळा एडका गपगुमान चार पावलं मागं सरला. पांढरा गेला, मग काळाही गेला. झालं!

भिमाजी साडूकडं वळला. मग म्हणाला, "मच्छिंद्रा, काळ्यानं मागं घेतलं की रं."

मच्छिंद्र म्हणाला, "घेईल न्हाई तर काय. त्याला कुठं भाची हाय?"