साबणाच्या शेडमधलं विद्यापीठ

नाही, पण तात्पुरतं म्हणजे किती दिवस, हे कुणीतरी एकदा ठरवून टाका की हो! पाहुणा आला, चार दिवस राहिला, गेला... ते तात्पुरतं. चप्पल तुटली, पिन लावली, घरी आलो... ते तात्पुरतं. आमच्या विद्यापीठात तात्पुरतं म्हणून जे एकदा बसतं ना, ते उठतच नाही. मी बसलोय. आत्ता तुमच्यासमोर उभा दिसतोय खरा, पण बसलोय.

तुम्हाला सांगतो, आमचं विद्यापीठ सुरू झालं साबणाच्या कारखान्यात. हसू नका, मीही हसलो होतो, नोकरी लागण्याआधी. कारखाना बुडाला, पत्र्याची शेड रिकामी पडली, आणि पहिले कुलगुरू म्हणाले, 'इमारत होईपर्यंत इथे बसू. तात्पुरतं आहे.' घरची खुर्ची स्वतः डोक्यावर घेऊन आले म्हणे. झालं, बसलं विद्यापीठ! मग इमारत झाली, दुसरी झाली, वसतिगृह, दवाखाना, प्रयोगशाळा, पोहण्याचा तलाव... त्यात पाणी नाही, पण तलाव आहे. एक फाटक होतं त्याच्यापुढे मोठं फाटक झालं, ते बंद असतं, सगळे शेजारच्या भगदाडातून येतात. रस्त्यावर डांबरावर डांबर इतकं पडलं की रस्ता गेला वर आणि शेड गेली खाली, आता वर्गात जायचं तर विहिरीत उतरल्यासारखं उतरावं लागतं.

आणि प्रत्येक नवा विभाग सुरू व्हायचा तो शेडमध्येच! शेडमध्ये जन्मायचा, शेडमध्ये बाळसं धरायचा, आणि पाय फुटले की निघाला नव्या इमारतीत, मागे वळून बघायचं नाव नाही. वैद्यक गेलं, कायदा गेला, संगीत गेलं, अहो, परवा आलेलं ते संगणकाचं पोर, तेसुद्धा वातानुकूलित झालं! राहिला कोण? आमचा संख्याशास्त्र विभाग. आणि विभागात कोण? मी. मी संभाव्यता शिकवतो. नाणं उडवलं तर छापा किती वेळा, काटा किती वेळा. मी नोकरीत कायम होण्याची संभाव्यता एकदा मीच फळ्यावर काढली होती. घाईघाईनं पुसली, मुलं बघत होती.

दुपारी पत्रा तापला की वाजतो. टण्ण! मी कुठलंही विधान केलं आणि टण्ण झालं की मुलं म्हणतात, 'सर, पत्र्यानं साक्ष दिली.' आणि ऊन वाढलं की भिंतीतून अजून साबणाचा वास येतो. आमचे विद्यार्थी नापास होतात, पण स्वच्छ होतात.

बरं, घरी तरी सुख? लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, 'नोकरी कायम आहे ना?' मी म्हटलं, 'होईल.' 'कधी?' 'होईलच की.' एवढ्यावर मुलगी दिली त्यांनी. मुलगी दिली, पण प्रश्न मागे घेतला नाही. आमची लेक झाली तेव्हा दवाखान्यात विचारलं, तिच्या निकालाच्या दिवशी विचारलं, स्वतःच्या ऑपरेशनला आत नेत होते तेव्हा स्ट्रेचरवरून मान वळवली... मला वाटलं, आता 'माझ्या लेकीला सांभाळा' म्हणतील. म्हणाले, 'जावईबापू, झालात का कायम?'

आणि आता हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही हो. निवृत्ती दारात येऊन उभी आहे. कायम नाही तर पेन्शन नाही. हल्ली जेवताना घास तोंडात तसाच राहतो माझा, ही म्हणते, 'अहो, गिळा!' गिळतो. काळजी काही खाली उतरत नाही.

गेलो कुलसचिवांकडे. गृहस्थ फार गोड बोलतात, म्हणूनच धास्ती. म्हणाले, 'असं बघा सर, तात्पुरत्या इमारतीतला विभाग तात्पुरता. तात्पुरत्या विभागातलं पद तात्पुरतं. आणि तात्पुरत्या पदावरचा माणूस...'

'मी,' मी म्हटलं.

'बघा, तुम्हीच म्हणालात! पण आता काळजी मिटली. सुवर्णमहोत्सवानिमित्त शेड पाडायची आणि तिथे टोलेजंग इमारत उठवायची. इमारत झाली की विभाग कायम, विभाग कायम की पद कायम, आणि पद कायम की तुम्ही. फक्त त्या जुन्या वास्तू बघणाऱ्या बाई येऊन एकदा बघून जातील. त्यांनी मान डोलावली की पाडलीच. तुम्हीच दाखवा त्यांना. इतकी वर्षं तुम्हीच राहताय तिथे.'

राहताय म्हणाले. शिकवताय नाही!

पण मी खूश. घरी आलो, हिला सांगितलं. ही माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, 'अहो, एक ऐकाल? फक्त पत्र्याची भोकं दाखवा. बोलू नका. तुम्ही बोलायला लागलात की भलतंच होऊन बसतं.' मी म्हटलं, 'मी काय बोलणार? तक्रारच करणार ना?' आता तुम्हीच सांगा, तक्रार करून कुणाचं कधी वाईट झालंय?

बाई आल्या. काळा चष्मा, हातात मोजपट्टी, तोंडातून शब्द नाही. मी गप्प. भोक दाखवलं. बाईंनी बघितलं. दुसरं दाखवलं. तेही बघितलं. चाललं होतं झकास! पण बाई इतक्या गप्प, की मला वाटलं, यांना भोकाचं गांभीर्य कळत नाहीये. म्हटलं, जरा समजावून सांगावं.

म्हटलं, 'बाई, हे भोक साधं नाही. याच्याखाली वैद्यक विभागाचा पहिला सांगाडा टांगलेला असायचा. पाऊस आला की सांगाड्यावर छत्री धरायला लागायची, आणि विद्यार्थी भिजायचे.' बाईंनी लिहून घेतलं. मला हुरूप! म्हटलं, 'इथे मध्ये नुसतं पोत्याचं कापड होतं. इकडे कायदा, तिकडे संगीत. फाशीची कलमं शिकवताना पलीकडून तबला. कसं शिकायचं माणसानं? ह्या साबण वाळवायच्या फळ्या, हे ग्रंथालय. अजून कुठलंही जुनं पुस्तक उघडा, फेस येईल असं वाटतं. आणि ही कढई! हिच्यात साबण शिजायचा, ती उपडी घालून तिच्यावर उभे राहून कुलगुरूंनी पहिलं भाषण केलं. पाय घसरला. खालचे टाळ्या वाजवत राहिले, त्यांना वाटलं, संपलं. अशा जागेत, बाई, विद्यापीठ चालवलं या लोकांनी! वर धड छप्पर नाही, खाली फरशी नाही, आणि कुणी वर्ग सोडून गेलं नाही... मी पहिलं व्याख्यान दिलं ते इथेच. दिवा नव्हता. मुलं म्हणाली, सर, तुम्ही बोला, आम्हाला ऐकू येतंय...'

आणि काय झालं कुणास ठाऊक, माझाच आवाज घोगरा झाला. खोटं कशाला सांगू, भरून आलं मला. इतकी वर्षं जिला शिव्या घातल्या, ती शेड त्या क्षणी मला माझी वाटली. नेमकं तेव्हाच वाटायचं होतं! बाईंनी चष्मा काढला, डोळे पुसले, आणि म्हणाल्या, 'सर, ही पाडणं म्हणजे पाप आहे.'

टण्ण!

मी म्हटलं, 'अहो, भोकं आहेत हो!' त्या म्हणाल्या, 'एकही बुजवू देणार नाही मी.'

महिन्याभरात पाटी लागली. 'विद्यापीठाची मूळ वास्तू. येथील कोणतीही वस्तू हलवू अथवा बदलू नये.' उद्घाटन झालं, कुलगुरू आले, फीत कापली, मला पेढ्यासारखा गोड शब्द भरवला, 'तुमच्यामुळे वाचली.' माझ्यामुळे!

तरी मी आशा सोडली नाही. हिशेब सरळ होता की नाही सांगा? शेड कायम झाली, म्हणजे विभाग कायम, पद कायम, मी कायम! धावत गेलो कुलसचिवांकडे. ते म्हणाले, 'बरोबर आहे सर, पण शेड आता शेड कुठे राहिली? स्मारक झालं ते. स्मारकात विभाग नसतो.'

'मग विभाग कुठे?'

'नव्या इमारतीत.'

'ती कुठे?'

'ती शेडच्या जागेवर होणार होती.'

त्यांनी पाणी दिलं. 'घाबरू नका सर, दुसरी जागा मिळेपर्यंत बसा तिथेच. तात्पुरतं आहे.'

घरी हिनं माझं तोंड बघितलं आणि ताट वाढलं. सासरे आले होते. सगळं ऐकून घेतलं त्यांनी, मग म्हणाले, 'म्हणजे पत्रा कायम झाला.' आयुष्यात पहिल्यांदा मला काही विचारलं नाही त्यांनी. ते जास्त लागलं हो.

आता पंखा बिघडलाय, बदलता येत नाही, पाटी आहे. माझं टेबल डगमगतं, खाली कागदाची घडी घालता येत नाही, पाटी आहे. परवा तास चालू होता. मी फळ्याकडे वळलो, खडू असा वर धरलेला, आणि शाळेच्या मुलांची रांग उतरली खाली. पुढे त्यांना माहिती सांगणारी बाई. 'मुलांनो, ही ती कढई, ह्या त्या फळ्या, आणि हे सर. हात लावायचा नाही.' मी वळून काही बोलणार, तर ती म्हणते, 'सर, प्लीज, हलू नका, मुलांना फोटो काढायचाय.'

म्हटलं, 'अहो, किती वेळ?'

'थोडाच वेळ हो, सर. तात्पुरतं.'

राहिलो उभा. सवय आहे.